आधी भेट, मग सुई!

मैत्रिणींनो, घरात कुणाचं दुखलं-खुपलं की दवाखान्याची पिशवी कोण भरतं? आपणच! जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, पाण्याची बाटली, वर एक चादर नि बिस्किटांचा पुडा. डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवायचं कामही आपलंच. पुरुषमंडळी बिलाच्या खिडकीशी उभी असतात आणि घरी आल्यावर विचारतात, "काय गं, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर?"

म्हणूनच आज एका जरा निराळ्या दवाखान्याची हकिकत तुम्हांला सांगायची आहे. नाव लांबलचक आहे: इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. पण नावाला घाबरू नका. आमच्या घराचा या शास्त्राशी दोनदा संबंध आला. पहिल्या वेळी आम्ही रडकुंडीला आलो, दुसऱ्या वेळी निर्धास्त झालो. दोन्ही वेळा सुई तशीच, यंत्रं तशीच, डॉक्टरांचे हातही तितकेच कुशल. फरक होता तो एका छोट्या खोलीचा, एका टेबलाचा नि तीन खुर्च्यांचा. कसा, ते सांगते.

मामंजींची नळी

आम्ही नेरूळला राहतो. चार वर्षांपूर्वी मामंजींना थंडी वाजून ताप येऊ लागला, उजव्या कुशीत दुखू लागलं. सोनोग्राफीत कळलं की यकृतात मोठा गळू झाला आहे, आत पू भरला आहे. सासूबाईंनी तर धसकाच घेतला. त्यांना वाटलं, आता पोट फाडणार! पण तसं काही झालं नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत डॉक्टरांनी कातडीतून सुई थेट गळूपर्यंत नेली आणि त्याच वाटेनं एक मऊ नळी आत बसवली. पू नळीतून बाहेरच्या पिशवीत येऊ लागला. सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम. दोन दिवसांत ताप उतरला आणि मामंजी चहा मागू लागले.

पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडलं, ते नळीसकट. हातात दिलेल्या कागदावर गोळ्यांची यादी होती आणि खाली एक ओळ: नळीची काळजी घ्या. आता काळजी घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं? आंघोळ घालायची की नाही? पिशवी कुठं अडकवायची? किती पाणी आलं म्हणजे बरं, किती आलं म्हणजे वाईट? कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर निघायच्या घाईत आम्हीही विचारलं नाही.

तिसऱ्या रात्री पिशवीत थेंबभर काही येईना. उलट नळीच्या कडेनं बनियन ओलं झालं, पुन्हा कणकण भरली. सकाळी धावतपळत रुग्णालय गाठलं. वॉर्डात म्हणाले, "नळी रेडिओलॉजीवाल्यांनी घातली आहे, तिकडे विचारा." रेडिओलॉजीच्या खिडकीवर म्हणाले, "आम्ही फक्त नळी घालतो, पेशंट वॉर्डाचा. चिठ्ठी आणा." चिठ्ठी देणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये गुंतलेले. नळी घालणाऱ्या डॉक्टरांचं नाव विचारावं, तर ते आम्हांला ठाऊकच नव्हतं! त्यांना आम्ही पाहिलं होतं ते तोंडाला मास्क लावलेलं, स्ट्रेचर आत जाताना, मिनिटभर. चाकाच्या खुर्चीत मामंजी साडेतीन तास बसून होते. अखेर एका भल्या सिस्टरनं कुणालातरी बोलावून आणलं. त्यांनी नळीत थोडं सलाइन सोडलं, आत अडकलेला घट्ट पू मोकळा झाला आणि पिशवी पुन्हा भरू लागली. दोन मिनिटांचं काम!

त्या दिवशी कुणी आमच्याशी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. जो तो आपलं काम करत होता. पण त्या नळीला कुणी धनीच नव्हता.

चित्र काढणारे नि दुरुस्ती करणारे

आता तुम्ही म्हणाल, हे रेडिओलॉजीवाले तर एक्स-रे नि सोनोग्राफी करणारे ना? त्यांनी सुया-नळ्यांच्या भानगडीत कशाला पडायचं?

त्याचीही मोठी मौजेची गोष्ट आहे. १८९५ साली राँटजेननं क्ष-किरण शोधले, तेव्हापासून हे डॉक्टर आतलं चित्र काढून द्यायचे आणि उपचार दुसरे करायचे. १९५३ साली स्वीडनमधल्या सेल्डिंगर नावाच्या डॉक्टरनं एक साधी युक्ती काढली. सुई रक्तवाहिनीत घालायची, सुईतून बारीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. परकराच्या नेफ्यात नाडी ओवायला आपण आधी पिन घालतो ना, साधारण तसाच प्रकार! या युक्तीमुळे मोठी चीर न देता शरीरात हवं तिथं पोचता येऊ लागलं.

पुढं १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टकडे ८२ वर्षांच्या एक आजीबाई आल्या. पायाचं रक्त तुटलेलं, बोटं काळी पडू लागलेली. सगळ्यांनी पाय कापायला सांगितलं होतं आणि आजीबाई काही केल्या ऐकेनात. डॉटरनं त्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून एकामागून एक जाड नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाय वाचला, आणि त्या पुढची दोन-अडीच वर्षं, म्हणजे अखेरपर्यंत, स्वतःच्या पायांवर चालत राहिल्या. त्या काळच्या सर्जनना हे काही फारसं रुचलं नाही. एका सर्जननं तर डॉटरकडे रोगी पाठवताना कागदावर ठळक अक्षरांत बजावलं होतं की नुसतं चित्र काढा, दुरुस्तीच्या फंदात पडू नका!

पण याच डॉटरनं १९६८ साली आपल्याच भाईबंदांनाही एक कानपिचकी दिली, आणि आजच्या लेखाचं मूळ तिथं आहे. त्याच्या लिहिण्याचा मतलब असा होता: रोग्याची पुरती जबाबदारी तुम्ही घेणार नसाल, तर तुम्ही महागडे प्लंबर व्हाल, यंत्रं काय, उद्या दुसरा कुणीही विकत घेईल.

प्लंबरचं उदाहरण आपल्याला पटकन पटतं, नाही का? एक प्लंबर येतो, मोरीचं तुंबलेलं भोक उघडतो, पैसे घेतो नि जातो. दुसरा आधी विचारतो, "वहिनी, पाणी कधीपासून तुंबतं? वरच्या मजल्यावरही तुंबतं का?" काम झाल्यावर पाणी सोडून बघतो आणि आठ दिवसांनी फोन करून विचारतो. हा दुसरा माणूस आपण जन्मभर सोडत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत हे आधीचं विचारणं नि नंतरचं बघणं जिथं होतं, त्या जागेला बाह्यरुग्ण विभाग म्हणतात. आपल्या तोंडी तो ओपीडी म्हणूनच बसला आहे.

जाऊबाईंचं दुखणं

दुसरा प्रसंग माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. त्या पनवेलला असतात, वय त्रेचाळीस, दोन मुलं कॉलेजात. पाळीच्या वेळी अतोनात रक्त जायचं. प्रवास नको, कुणाकडे बसणं नको, जवळ दोन साड्या जास्तीच्या. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात! सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. यांनाच फायब्रॉइड म्हणतात. या गाठी बहुतेक साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात, आणि पुष्कळजणींना असूनही त्यांचा त्रास होत नाही. पण जाऊबाईंना त्रास होता.

एका ठिकाणी सांगितलं, "दोन मुलं झाली आहेत ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." दोन मुलं झाली की गर्भाशय म्हणजे जणू रिकामा डबा, ठेवला काय नि टाकला काय! जाऊबाई भित्र्या नाहीत, पण त्या म्हणाल्या, "अगं, काढायलाच हवी असेल तर काढीन. पण दुसरा रस्ताच नाही, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. २०१९ साली आपल्याच राज्यात, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली होती. गरज नसता होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या तीन महिन्यांत अमलात आणा असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सगळ्या राज्यांना सांगितलं.

दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र शांतपणे सगळं ऐकून घेतलं. आतल्या अस्तराचा तुकडा तपासून कॅन्सर नाही याची खात्री केली, एमआरआय करायला लावला आणि म्हणाल्या, "शस्त्रक्रिया हा एक मार्ग आहे. गाठींचा रक्तपुरवठा बंद करणं हा दुसरा. तो करणारे डॉक्टर वेगळे असतात. त्यांची गुरुवारी ओपीडी असते. आधी त्यांना भेटून या, मग आपण तिघं मिळून ठरवू."

ओपीडी! मामंजींच्या वेळी जी नव्हती, ती इथं होती.

तीन खुर्च्यांची खोली

नवी मुंबई वसवायला सिडकोनं १९७० साली सुरुवात केली. पुढं कितीतरी वर्षं, मोठं दुखणं म्हटलं की खाडी ओलांडून परळ गाठायचं, केईएम नाहीतर टाटा, अशीच आपली रीत होती. आता वाशी, नेरूळ, बेलापूरला मोठी रुग्णालयं झाली, खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचंच ॲक्ट्रेक आहे. पनवेल, उरण, पेणचे लोक इकडे येतात. म्हणजे यंत्रं जवळ आली. पण यंत्राशेजारी बोलायची जागा असते का, हे मात्र ठिकाणा-ठिकाणावर अवलंबून!

आम्ही गेलो ती खोली तळमजल्यावर, यंत्रांपासून दूर होती. डॉक्टर साध्या कपड्यांत बसलेले. मी मनात म्हटलं, चला, या खेपेला चेहरा तरी दिसला! त्यांनी एमआरआयची चित्रं पडद्यावर लावली आणि जाऊबाईंना दाखवली. "ताई, ही तुमची पिशवी, आणि या तीन गाठी. रक्त जातंय ते बहुतेक या मधल्या गाठीमुळं."

मग प्रश्न सुरू झाले. पाळी किती दिवस? पुढं मूल हवं आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचा त्रास? कुठल्या औषधाची ॲलर्जी? आधी कधी रंगद्रव्याचं इंजेक्शन घेतलं होतं का? मांडीची नि मनगटाची नाडी हातानं तपासली. घरी सोबत कोण असतं, हेसुद्धा विचारलं.

नंतर त्यांनी उपचार समजावला. मांडीच्या सांध्याशी किंवा मनगटाशी सुईनं एक छिद्र पाडायचं, तिथून बारीक नळी गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत न्यायची आणि खसखशीसारखे बारीक कण सोडायचे. गाठीचं रक्त तुटतं आणि ती काही महिन्यांत आकसते. भूल पूर्ण द्यावी लागत नाही, टाकेही नाहीत. बहुतेकींना एक रात्र रुग्णालयात काढावी लागते.

जाऊबाईंचे डोळे चमकले. पण डॉक्टर पुढं म्हणाले, "आता दुसरी बाजूही ऐका." ते त्यांनी एका कागदावर लिहूनच दिलं. पहिली रात्र चांगलीच दुखते. आठवडाभर थकवा, बारीक ताप येऊ शकतो. गाठ आकसते, पण नाहीशी होईलच असं नाही. क्वचित आत जंतुसंसर्ग होतो, आणि मग गर्भाशय काढायची वेळ येऊ शकते. काहीजणींची, विशेषतः पंचेचाळिशीपुढच्या बायकांची, पाळी यानंतर कायमची जाते. मूल हवं असेल तर सहसा हा मार्ग आधी सुचवत नाहीत. ब्रिटनमध्ये १५७ स्त्रियांवर केलेल्या एका चाचणीत असं दिसलं की कण सोडून उपचार केलेल्या शंभरातल्या ३२ जणींना पाच वर्षांत पुन्हा काही ना काही उपचार करून घ्यावा लागला, तर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरातल्या फक्त चौघींना. मात्र उपचाराबद्दलचं समाधान दोन्हींकडे सारखंच होतं.

"म्हणजे शस्त्रक्रिया केली की एकदाचं मिटतं, पण सहा आठवडे विश्रांती. यात आठ-पंधरा दिवसांत तुम्ही कामाला लागाल, पण पुन्हा यावं लागण्याची शक्यता जास्त. तुम्हांला काय परवडेल ते तुम्ही ठरवा. आज सही नको. घरी जा, बोला, आणि पुढच्या गुरुवारी या."

आज सही नको! मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकल्यावर माझा त्या माणसावर विश्वास बसला. आमच्या आधी आत गेलेल्या एका बाईंना तर त्यांनी "तुमच्या गाठीला काहीच करायची गरज नाही, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा" असं सांगून परत पाठवलं होतं. त्या बाहेर येऊन आनंदानं सांगत होत्या. नको ते काम टाळलं जातं, तेसुद्धा याच खोलीत. ज्या डॉक्टरची गाठ थेट यंत्राच्या टेबलावर पडते, त्याला "नाही" म्हणायला वेळच कुठं असतो?

सिस्टरबाईंची वही

बाहेर बसल्या-बसल्या तिथल्या सिस्टरबाईंशी माझी ओळख झाली. त्यांच्यापाशी एक जाडजूड वही होती. संगणक आहेच, पण वहीवर त्यांचा जास्त विश्वास! प्रत्येक रोग्याची एक ओळ: काय केलं, कधी केलं, शरीरात काय ठेवलं आणि ते कधी काढायचं किंवा बदलायचं.

त्या म्हणाल्या, "ताई, सुई टोचायला एक तास लागतो, पण तिच्या मागचं काम तीन महिने चालतं." मूत्रपिंडात बसवलेली नळी साधारण दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. पायाच्या फुगलेल्या निळ्या शिरांचा लेसर केला की मोजे नीट घातले जातात का ते पाहावं लागतं. डायलिसिसच्या हातातली थरथर थांबली तर त्याच दिवशी यावं लागतं. रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत कधीकधी जाळी बसवतात. काम झालं की पुष्कळदा ती काढायची असते. पण रोगी विसरतो, डॉक्टरही विसरतात. अशा जाळ्यांची गरज संपली की त्या काढा, अशी आठवण अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१० साली डॉक्टरांना मुद्दाम द्यावी लागली. मी म्हटलं, म्हणजे विसरभोळेपणा काही फक्त आपल्याकडेच नाही!

सिस्टरबाईंचे आणखी दोन नेम होते. घरी गेलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, आणि रात्री-बेरात्री लावायचा एक नंबर प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरांत. मी विचारलं, "मग सगळीकडे असं का नाही करत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "एक खोली, एक सिस्टर नि डॉक्टरांचा अर्धा दिवस. यंत्रावर त्या वेळात दोन-तीन कामं उरकतात, त्यांचं बिल मोठं होतं. बोलण्याचं बिल ते केवढं होणार? पण बोलल्यामुळं जे बिघडत नाही, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही."

आपण घर चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. फोडणी जळली नाही, दूध उतू गेलं नाही, याबद्दल आपल्याला तरी कधी कुणी शाबासकी दिली आहे?

पुढं काय झालं

जाऊबाईंनी आठ दिवस विचार केला. भाऊजींशी बोलल्या, स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना पुन्हा भेटल्या. आधी लोहाची इंजेक्शनं घेऊन रक्त वाढवलं आणि मग कणांचा उपचार करून घेतला. पहिल्या रात्री खूप दुखलं. पण "दुखेल" हे आधीच ठाऊक होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. वेदनाशामक औषध चालूच होतं. दुसऱ्या दिवशी घरी आल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाईंचा फोन! "ताई, ताप किती? अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास येतो का? जिथं सुई टोचली तिथं फुगलंय का?"

आज या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. सहा महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये मोठी गाठ निम्म्याहून लहान झालेली दिसली. पाळी चार दिवसांवर आली, हिमोग्लोबिन साडेअकरा. गाठी पुन्हा डोकं वर काढतील का? काढतीलही. जाऊबाईंना ते माहीत आहे, आणि वर्षातून एक गुरुवार त्यांनी त्यासाठी राखून ठेवला आहे. त्यांच्याच शेजारणीनं सगळं नीट समजून घेऊन गर्भाशय काढून टाकलं, आणि तीही सुखात आहे. म्हणून अमका उपचार चांगला नि तमका वाईट, असं माझं म्हणणं नाही. दोघींनी आपापलं ठरवलं, आणि ठरवण्याआधी दोघींना सगळं कळलं होतं, हे महत्त्वाचं.

पिशवीत काय न्याल, काय विचाराल?

तुमच्या घरी कुणाला नळी घालायची, तुकडा काढायचा, शिरांचा लेसर किंवा पायाच्या रक्तवाहिनीचा फुगा असं काही सांगितलं, तर एवढं ध्यानात ठेवा.

१. "सुई घालणारे डॉक्टर आम्हांला आधी कुठं भेटतील?" हे सर्वांत आधी विचारा. तातडीच्या वेळी ते जमणार नाही. जीव वाचवणं पहिलं. पण तातडी नसेल तर भेटल्याशिवाय तारीख घेऊ नका. त्यांचं नाव लिहून घ्या.

२. नुसते रिपोर्ट नकोत. सोनोग्राफी, सीटी, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडीही न्या. हे डॉक्टर कागदापेक्षा चित्र बघतात.

३. चालू गोळ्यांची पाकिटंच न्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मुद्दाम दाखवा. त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील, आपल्या मनानं मुळीच थांबवू नका. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच विचारा.

४. पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर लाजू नका, आधी सांगा. क्ष-किरणांपाशी ही गोष्ट लपवायची नसते.

५. किती तास उपाशी राहायचं, ते लिहून घ्या. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच काढून ठेवा. आयत्या वेळी बांगड्या कापाव्या लागतात आणि मग सासूबाईंची नाराजी! नखांचा रंगही पुसा, कारण बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावतात.

६. नळीसकट घरी येणार असाल, तर निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारा: नळीत सलाइन सोडायचं का, कुणी नि किती? पिशवी रोज मोजायची का? आंघोळ कशी? नळी कधी काढणार? पिशवी नेहमी कमरेखाली राहू द्या. किती पाणी आलं ते रोज वहीत लिहा. पाणी अचानक थांबलं, लाल झालं, ताप आला किंवा नळी सरकली, तर सकाळची वाट बघू नका.

७. खर्चाचा अंदाज लेखी मागा. विम्याची मंजुरी आधी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे त्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा.

८. आणि शेवटचं: रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? तो नंबर मिळाल्याशिवाय रुग्णालयाची पायरी उतरू नका.

गेल्या महिन्यात मामंजींच्या एका मित्रांना तशीच नळी बसवली. त्यांच्या सूनबाईंचा मला फोन आला, "काकू, नळी कशी सांभाळू?" मी म्हटलं, "सांगते. पण आधी मला सांग, ज्यांनी नळी घातली त्या डॉक्टरांचं नाव काय, आणि त्यांची ओपीडी कोणत्या वारी असते?" तिला ठाऊक नव्हतं. ती त्याच संध्याकाळी जाऊन विचारून आली. डॉक्टर मंगळवारी नि शुक्रवारी बसतात म्हणाली. नाव, वार नि फोन तिनं फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवलं आहे, गॅसच्या नंबराशेजारी.